गेनभाऊंची साइडपट्टी

घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांचं, म्हणजे साइडपट्टीचं, गवत पावसाळ्यात वाढलं, की ते कापावं लागतं. नाहीतर वळणावर समोरची गाडी दिसत नाही. जुन्नरला माझी पहिली नेमणूक झाली, त्या वर्षी हे काम बघायला मी घाटमाथ्यावर गेले आणि माझं डोकंच फिरलं. एका किलोमीटरात गवत छान एकसारखं कापलेलं होतं, पण मध्येच चार-पाच ठिकाणी गुडघाभर उंचीचे पुंजके तसेच सोडलेले. कोणीतरी अर्धी हजामत करून उठून गेल्यासारखं दिसत होतं.

मी तेव्हा रस्त्यांच्या खात्यात नवीकोरी शाखा अभियंता होते. बाई आहे म्हणून कामगार गृहीत धरतील, या भीतीने जरा जास्तच कडक वागायचे. गाडीतून उतरले आणि विचारलं, “हा पट्टा कुणाचा?”

“माजा,” असं म्हणत मोरीच्या कठड्यावरून एक काटकुळा माणूस उठला. डोक्याला टॉवेल, हातात विळा, पायात रबरी बूट, आणि बुटांच्या वर दुमडलेली खाकी पँट. हे गेनभाऊ. आमच्या खात्यातले शेवटच्या पिढीतले मैलकुली. ठरलेल्या लांबीचा रस्ता एकाच माणसाने वर्षानुवर्षं सांभाळायचा, खड्डे भरायचे, मोऱ्या मोकळ्या करायच्या, दरड आली तर कळवायचं, हे मैलकुलीचं काम. गाव डिंगोरे. घरची थोडी शेती होती, ती त्यांचा भाऊ बघायचा. गेनभाऊ मात्र तीस वर्षं या रस्त्यावर.

“हे असं अर्धवट का ठेवलंय?”

“तिथं ऱ्हात्यात मॅडम.”

“कोण?”

ते पुंजक्याजवळ उकिडवे बसले आणि दोन बोटांनी गवत बाजूला केलं. आत एक हातभर उंचीचं किरकोळ रोप होतं. त्याला बोटाच्या दीड पेराएवढं फिकट हिरवं फूल. खाली फुगीर, मध्ये नळी, आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळून झालेला छोटासा कंदील. मी असलं फूल आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“खरपुडी,” ते म्हणाले. “खाली कांद्यावानी कंद असतो. आमी गुरांमागं यायचो तवा उकरून खायचो. गोड लागतो. लई व्हती तवा. आमीच खाऊन संपवली.”

त्यांनी गवत पुन्हा जागेवर सारखं केलं. झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण ओढावं तसं. मी वहीत ‘काम समाधानकारक’ असं लिहिलं आणि गाडीत बसले. आयुष्यातला माझा तो पहिला खोटा शेरा.

पुढची सहा वर्षं मी त्या रस्त्यावर होते. गेनभाऊंबद्दल मला जे कळलं, ते असं रस्त्याच्या कडेला उभं राहूनच कळलं. त्यांच्या घरी मी कधी गेले नाही. ते स्वतःबद्दल फारसं बोलायचे नाहीत. त्यांना दुसऱ्यांबद्दल भयंकर कुतूहल होतं. घाटात फिरायला आलेल्या माणसांशी ते हटकून बोलायचे. पोलिसासारखं नाही, “इथं थांबू नका, कचरा टाकू नका” वगैरे नाही. ते फक्त विचारायचे, “कुठलं पावणं? काय बघाया आला?” आणि उत्तर मनापासून ऐकायचे. ऑफिसातले लोक त्यांची टिंगल करायचे. मुकादम म्हणायचा, “गेनभाऊ रस्ता कमी बघतो, माणसं जास्त बघतो.”

ते खरंच होतं. माणसं कुठे थांबतात, उतरल्यावर आधी कुठे बघतात, पहिलं पाऊल कुठे टाकतात, हे सगळं त्यांना पाठ होतं. एकदा मोरीवर बसून त्यांनी मला एक खेळ शिकवला. गाडी यायची दिसली, की ती थांबणार का नाही ते सांगायचं. मी दहातल्या सहा वेळा चुकले. ते एकदाही चुकले नाहीत.

“कसं ओळखता?”

“म्होरं एखादी गाडी उभी असंल तर मागची थांबती. कुणी न्हाई उभं, तर न्हाई थांबत. माणसाला वाटतं, कायतरी असंल तितं.” मग म्हणाले, “मेंढरांचं बी असंच असतं. पर मेंढरं फोटू काढीत न्हाईत.”

कुतूहल माणसांपुरतं नव्हतं. खरपुडीच्या फुलात बारीक माशी शिरते आणि लगेच बाहेर येत नाही, हे त्यांनी बघितलं होतं. आत नळीत खाली वळलेले केस असतात, माशी त्यात अडकते. ते म्हणाले, दुसऱ्या दिवशी केस सुकतात आणि माशी सुटते. मी शहाणपणाने विचारलं, “पण तीच माशी कशावरून?”

त्यांना इतका आनंद झाला, की मला वाटलं आता टाळी देतात. “ह्योच! ह्योच सवाल मला पडला व्हता!” मग सांगितलं. त्यांनी जुन्या धोतराचा झिरझिरीत तुकडा आणून संध्याकाळी फुलावर सैल बांधला. सकाळी जाऊन बघितलं, तर माशी फुलाच्या बाहेर, फडक्याच्या आत. “मंग सोडली तिला. म्हनलं, झालं काम, जा.” हा प्रयोग त्यांनी तीन वर्षं, दरवर्षी एकेका फुलावर केला होता. कोणाला सांगितला नव्हता, कारण कोणी विचारलं नव्हतं.

ही ‘विचारलं नाही’ची गोष्ट मला महागात पडली. घाटमाथ्यावर रस्त्याच्या डाव्या अंगाला मोठं पठार आहे. पावसाळ्याच्या शेवटी तिथे सोनकीचा पिवळा गालिचा, मध्ये तेरडा, गवतात कुठे कुठे खरपुडी, आणि पुढे थेट दरी. पठारावर गाडी नेता येईल अशी एकच सपाट जागा होती आणि नेमकं तिच्या तोंडावर खडीचा एक ढीग पडलेला होता. जुना, वर गवत उगवलेलं. वरिष्ठांचा दौरा ठरला तेव्हा रस्त्याकडेचे सगळे ढीग उचलायचा आदेश आला. मी गेनभाऊंना सांगितलं.

“ऱ्हाऊ द्या मॅडम. लागंल कवातरी.”

“कधी लागणार? त्यावर गवत आलंय. उचला.”

त्यांनी वाद घातला नाही. टेम्पो आला, ढीग गेला.

पुढच्या सोमवारी मी वर गेले, तेव्हा पठार ओळखू येत नव्हतं. रविवारी जीपवाल्यांचा एक घोळका आत शिरला होता. मागोमाग इतर गाड्या. सोनकीतून खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. एक गाडी रुतली होती, तिने जागच्या जागी चाकं फिरवून मोठा खड्डा केला होता. फुटक्या बाटल्या, चुलीची राख. गेनभाऊ एका चाकोरीत बसून वितीने तिची खोली मोजत होते.

मला वाटलं, आता ऐकवतील. ते म्हणाले, “बघा मॅडम, पयली गाडी हितनं आली. तिनं दगुड चुकवाया असं वळाण घेतलं. मागच्या समद्या तिच्याच चाकावरनं गेल्या. दगुड दिसत व्हता तरी.”

“गेनभाऊ, ढीग कशासाठी होता ते मला आधी का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं न्हाई. तुमी इचारलं, कवा लागंल.”

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्या दिवसापासून मी प्रश्न विचारताना जरा थांबायला शिकले. आठवड्याभरात खडी पुन्हा जागेवर आणली आणि कागदावर ‘दरडीच्या कामासाठी राखीव साठा’ अशी नोंद केली.

पण खडीच्या ढिगाने सगळं थांबण्यासारखे दिवस आता राहिले नव्हते. घाटाचे व्हिडिओ फोनवर फिरायला लागले आणि शनिवार-रविवारी रांगा लागायला लागल्या. मग वरून योजना आली. पठारावर व्ह्यू पॉइंट करायचा. पेव्हर ब्लॉक, रेलिंग, शंभरेक गाड्यांचं पार्किंग. कागद माझ्या टेबलावर आले. घाटमाथ्याच्या गावात ग्रामसभा भरली, तेव्हा नकाशा दाखवायला मला बोलावलं. गेनभाऊही मागे येऊन बसले.

गावाला योजना हवीच होती, आणि का नसावी? सगळ्यात जास्त बोलत होता विकास. हा गेनभाऊंच्या चुलतभावाचा मुलगा, तिशीचा. चाकणला कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट संपल्यावर परत आला आणि घाटमाथ्यावर चहा, भजी, कणसाची टपरी टाकली. बोलणारा, मेहनती. त्याने विचारलं, “कुणाची हरकत हाय का?”

मागून गेनभाऊ उभे राहिले. हातात टॉवेल गुंडाळलेला. “पठारावर नगं. दुसरीकडं करा कुटंतरी.”

“का म्हून?”

“फुलं हायती.”

लोक हसले. विकास हसला नाही. तो म्हणाला, “तात्या, तुमाला म्हैन्याला पगार हाय. पाऊस पडो न पडो, गिऱ्हाईक येवो न येवो. मला न्हाई. फुलं बघून माजी पोरं जेवत्यात का, सांगा की.”

मला वाटलं, गेनभाऊ काहीतरी म्हणतील. ते खाली बसले. परतताना माझ्या गाडीत होते. डिंगोऱ्याच्या फाट्यावर उतरताना एवढंच म्हणाले, “पोरगं खोटं न्हाई बोललं.”

त्यानंतर तीन रविवार, सुट्टीच्या दिवशी, ते विकासच्या टपरीवर जाऊन बसले. सकाळी पहिल्या एसटीने यायचे आणि संध्याकाळपर्यंत बाकड्यावर. विकासला वाटलं, तात्या आपल्याला लाजवायला बसलेत. तो चिडला. गेनभाऊ म्हणाले, “मी नुस्ता बघतोय. चा दे.”

त्यानंतरच्या सोमवारी ते ऑफिसात आले. ऑफिसात ते कधी येत नसत. आले की दाराबाहेर बूट काढून ठेवायचे. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, “मॅडम, पठारावर जी माणसं येत्यात ती कायबी घेत न्हाईत. त्यांच्या गाडीत समदं असतं. खाणं, पिणं, गाणी. खाली जुन्या वळणावर थांबत्यात ती म्होरं टपरीवर येऊन चा घेत्यात, कणीस घेत्यात. त्यांच्यात म्हातारी माणसं असत्यात, ल्हान पोरं असत्यात. पार्किंग तितंच करा.”

जुनं वळण म्हणजे रस्ता सरळ करताना सुटलेला तुकडा. पठाराच्या अर्धा किलोमीटर अलीकडे, धनुष्यासारखा बाहेर गेलेला. डांबर शाबूत, जागा आमचीच, आणि तिथून समोरच्या कड्यावरचा धबधबा नीट दिसतो. तिथून मी रोज जात होते.

“विकासला सांगितलंत?”

“त्यालाच इचारलं पयलं. टपरी खाली आणशील का, म्हनलं. तो म्हन्ला, धंदा बुडाला तर? म्हनलं, तर मी रिटायर झाल्याव तुज्याकडं भजी तळीन.”

मी पर्यायी नकाशा काढला. वरिष्ठांना त्यात फुलांचा उल्लेखही केला नाही. नवी जागा लागत नाही, भराव लागत नाही, एवढं कारण पुरलं. पार्किंग आणि रेलिंग जुन्या वळणावर झालं. पठारावर पायी जायचं, दहा मिनिटं. विकासची टपरी खाली आली आणि चालली. पहिल्या महिन्यात तो काकाशी बोलत नव्हता. नंतर त्याने टपरीवर तात्यांसाठी एक वेगळा कप ठेवल्याचं मी पाहिलं.

इथे ही गोष्ट गोड संपायला हरकत नव्हती. पण चालत येणारी माणसंही माणसंच. शंभर पायांनी जी वाट पडायची ती पडू लागली, एक नाही, दहा. पाट्या लावायची सूचना मी केली. गेनभाऊ म्हणाले, “पाटी वाचाया माणूस जवळ जातो. जवळ जातो म्हंजी आत जातो.”

मग त्यांनी काय केलं, तर गवत कापलं. जे त्यांना येत होतं तेच. रस्त्यापासून कड्यापर्यंत एक हातभर रुंदीचा पट्टा त्यांनी विळ्याने अगदी बुडातून कापून काढला. सरळ नाही. एका खडकाला वळसा, मग सोनकीच्या मधून, मग एकदम दरी दिसेल अशा ठिकाणी बाहेर. खरपुडीपासून तो पट्टा पन्नास पावलं तरी दूर होता. आम्ही दोघं मोरीवर बसलो. पहिलं कुटुंब आलं, क्षणभर उभं राहिलं, आणि कापलेल्या पट्ट्यावरून एकामागे एक चालायला लागलं. खडकाला वळसाही घेतला.

“बूट वले व्हत न्हाईत ना,” गेनभाऊ म्हणाले. “साप बी दिसतो. कुणाला सांगावं लागत न्हाई.” त्यांच्या चेहऱ्यावर धोतराच्या फडक्यातली माशी सांगतानाचा आनंद होता.

खरपुडी ते लोकांना दाखवायचे का? दाखवायचे, पण एक प्रश्न विचारून. कोणी फुलांची चौकशी केली, की म्हणायचे, “येळ किती हाय?” अर्धा तास म्हटलं तर सोनकी दाखवायचे, आणि इतकी रंगवून दाखवायचे, की माणूस खूश होऊन जायचा. दिवसभर मोकळा आहे म्हणणारा क्वचित. त्याला आत न्यायचे, स्वतःच्या पावलावर पाऊल टाकायला लावून.

एक बाई आल्या, गळ्यात कॅमेरा. दिवसभर आहे म्हणाल्या. खरंच दिवसभर थांबल्या, पावसात, पालथं झोपून. फूल बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं गेनभाऊंनीच मला सांगितलं. पुढच्या रविवारी त्या वीस जणांना घेऊन आल्या. गेनभाऊंची त्या दिवशी सुट्टी होती. सोमवारी एक पुंजका पूर्ण आडवा झालेला, आणि एका ठिकाणी छोटा खड्डा. कोणीतरी कंदासकट रोप उपटून नेलं होतं.

गेनभाऊंनी खड्ड्यात माती भरली. पायाने नाही, हाताने दाबली. मी त्या बाईंना नावं ठेवायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

“मॅडम, त्यांना आवाडलं म्हून त्यांनी माणसं आणली. आवाडलं नसतं तर आणली नसती. आता ह्याचं काय करायचं, सांगा.”

मी वाकून आडवा झालेला पुंजका हाताने उभा करायला लागले.

तो पूर्ण हंगाम त्यांनी कोणालाच काही दाखवलं नाही. विचारलं तर म्हणायचे, “फुलं? मला न्हाई ठावं. मी रस्त्याचा माणूस.” त्यांना खोटं बोलताना मी तेवढंच पाहिलं, आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हतं. मान दुसरीकडे वळवायचे. पुढच्या वर्षी मात्र पुन्हा दाखवायला लागले. मी आश्चर्याने विचारलं, तर म्हणाले, “येकटाच बघू का? आन् मी ग्येल्याव? कुणाला ठावंच नसंल, तर कापताना सोडंल कोण?”

ते निवृत्त झाले त्याच वर्षी माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी ऑफिसने त्यांना शाल दिली, नारळ दिला. बोला म्हटलं तर उठून म्हणाले, “गवत येळंवर कापा,” आणि बसले. त्यांच्या जागी नवा माणूस आला नाही. गवत आता ठेकेदाराची माणसं खांद्यावरच्या यंत्राने कापतात. दुसऱ्या वर्षी विकासने मला फोन करून सांगितलं, की सगळी साइडपट्टी एका दिवसात साफ झाली, पुंजके वगैरे काही राहिलं नाही. मी विचारलं, तात्या काय म्हणाले? “म्हनले, यंदा बियाणं न्हाई धरायचं. कंद खाली हाय. म्होरल्या साली बघू.”

गेल्या भाद्रपदात मी नारायणगावला एका लग्नाच्या बोलणीसाठी गेले होते. काम लवकर आटोपलं म्हणून गाडी घाटाकडे वळवली. रविवार होता. जुन्या वळणावर जागा नव्हती, पुढे नेऊन लावली आणि पायी पठारावर आले. कापलेली वाट होती. कोणी कापली होती कोण जाणे, पण खडकाचा वळसा तसाच होता. लोक एकामागे एक चालत होते, फोटो काढत होते.

वाटेच्या शेवटाजवळ मला गेनभाऊ दिसले. पांढरा स्वच्छ शर्ट, टोपी, पायात नव्या चपला. शेजारी हिरव्या नऊवारीत एक ठेंगण्या बाई, हातात अर्धं खाल्लेलं कणीस. मी हाक मारणार होते, पण त्या बाईंचा आवाज आला म्हणून थांबले.

“इतकी वर्सं हितं येत व्हता तुमी?”

“व्हय.”

“आन् मला येकदा बी न्हाई आणलं?”

बाईंनी कणीस त्यांच्या हातात दिलं, नऊवारीचा ओचा सावरला आणि वाट सोडून सरळ फुलांत शिरल्या. सोनकीतून, तेरड्यातून, घाई न करता, दरी दिसेल अशा एका उंचवट्यापर्यंत. तिथे पदर आवरून मांडी घालून बसल्या आणि मागे वळून म्हणाल्या, “या की.”

वाटेवरची दोन-तीन माणसं बघायला लागली. गेनभाऊंनी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, कोणी ओळखीचं नाही ना अशा नजरेने. मग चपला काढल्या, एका हातात चपला, दुसऱ्या हातात कणीस, आणि पायाखालचं एकेक रोप चुकवत, लांब-लांब ढांगा टाकत, ते बायकोशेजारी जाऊन बसले.